आवाज बांधायला लागणारा वेळ

मी दारात चपला काढत होतो तेव्हा मिस्त्रींनी मला पाहिले, समोरच्या कीबोर्डवर काहीतरी टाइप केले, एक कळ दाबली आणि चहाचा कप तोंडाला लावला. मी आत आलो, खुर्ची ओढली, बसलो. मग टेबलावरच्या लॅपटॉपमधून त्यांचा आवाज आला, "या भाऊ, बसा. बस वेळेवर भेटली काय?" मिस्त्री तेव्हा चहा गिळत होते. नजर माझ्यावर होती, ओठ कपावर.

हा आवाज मी आधी पुष्कळदा ऐकला होता. तो ज्या स्वरपेटीतून येत असे ती तीन महिन्यांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी काढून टाकली होती. कर्करोग होता. आता मिस्त्री गळ्याच्या खालच्या छिद्रातून श्वास घेत आणि त्या छिद्रावर पातळ पांढरा कपडा बांधत.

मिस्त्रींचे काम दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, यंत्रे दुरुस्त करण्याचे. मी यवतमाळच्या एका दैनिकात डेस्कवर होतो. कापसाच्या हंगामातल्या एका बातमीसाठी त्यांच्याकडे गेलो होतो आणि नंतर ओळख राहिली. शस्त्रक्रियेआधी अठरा दिवस हातात होते. त्या दिवसांत त्यांचा आवाज भरून ठेवला तर पुढे संगणक त्याच आवाजात बोलू शकेल, हे मी वाचले होते. भिंतीला गोधड्या टांगून, फोन समोर ठेवून आम्ही रोज दोन तास भरत गेलो. वाचायला मजकूर हवा होता. डेस्कवरच्या माणसाकडे जुने अंक असतात, ते मी नेले. मिस्त्रींनी बाजारभाव वाचले, धरणांची पातळी वाचली, नेमणुका, बदल्या, शोकसभा वाचल्या. पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाने त्यातून त्यांचा आवाज तयार करून पाठवला.

मी दिलेल्या मजकुराचे दोन परिणाम झाले, ते मला नंतर समजले. आवाज फक्त मराठीत सराईत होता. मिस्त्रींच्या घरात हिंदी बोलली जाई, मराठी बाहेरची. त्यामुळे मुलगी म्हणाली, "अब्बा, अब घर में भी तुम मराठीच बोलते. वो भी पेपरवाली." दुसरा परिणाम कोणी बोलून दाखवला नाही. भरताना मिस्त्रींचा गळा दुखत होता आणि लांब वाक्याआधी ते हलके खाकरत. संगणकाने तेही उचलले. लांब वाक्य आले की यंत्र आधी खाकरे. काढून टाकलेल्या गळ्याचे खाकरणे त्या घरात दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऐकू येई.

तेव्हा लॅपटॉपवर लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीची साधी, तयार मिळणारी आवृत्ती होती. ती मीच टाकली होती, कारण आमच्या कार्यालयात जुन्या संगणकांवर तेच चालत असे. तिच्यावर कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंत नऊ सेकंद लागत. बातमीत नऊ सेकंद काही नसतात. बोलण्यात ते फार होतात. मिस्त्री चौकातल्या चहाच्या टपरीवर लॅपटॉप घेऊन बसत. कोणी सोयाबीनचा विषय काढी, मिस्त्री टाइप करत, तोवर बोलणे रस्त्याच्या खड्ड्यांवर गेलेले असे, आणि मग त्यांचा आवाज सोयाबीनबद्दल बोले. लोक आधी हसले, मग थांबून वाट पाहू लागले, मग वाट पाहणे सोडून त्यांच्याऐवजी एकमेकांनाच उत्तरे देऊ लागले. महिनाभरात मिस्त्रींनी टपरीवर जाणे बंद केले.

मी त्यांना दुसऱ्या प्रकाराबद्दल सांगितले ते या वेळी. लिनक्सच्या काही आवृत्त्या तयार मिळत नाहीत. प्रत्येक प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, आपण आणतो आणि आपलेच यंत्र तो वाचून त्यातून स्वतःसाठी प्रोग्राम बांधते. त्याला कंपाइल करणे म्हणतात. तयार प्रोग्राम सगळ्या संगणकांवर चालला पाहिजे, म्हणून तो सगळ्यांना येते तेवढेच वापरतो. घरी बांधलेला प्रोग्राम त्या एका चिपला जे जे येते ते सगळे वापरू शकतो. वेग वाढतो, पण किती वाढेल हे आधी सांगता येत नाही.

मिस्त्रींनी शेजारची पाटी ओढून तिच्यावर लिहिले, "म्हणजे घासून बसवणे."

जिनिंगमध्ये त्यांची हीच ख्याती होती. रोलर आणि पाते यांच्यातली फट कागदाएवढी असावी लागते. बाजारातले पाते ते कधी आणले तसे बसवत नसत. त्या एका यंत्रावर ठेवून, घासून, परत ठेवून, पुन्हा घासून बसवत. मालक म्हणत, "मिस्त्री, दोन तासाचं काम तुमी दोन दिवस करून राह्यले." मिस्त्री म्हणत, "मंग दोन वर्षं मले बोलावू नका." आणि खरोखर बोलवावे लागत नसे.

पहिली बांधणी तीन दिवस चालली. पडद्यावर ओळी वर सरकत राहिल्या. हजारो फायली, जगभर बसलेल्या अनोळखी माणसांनी लिहिलेल्या, त्यांतले काही आता हयात नसतील, आणि एक जुना लॅपटॉप त्या एकेक वाचून पुढे जात होता. मिस्त्री शेजारी बसून राहिले. बेअरिंग तापले का ते पाहावे तसा हात ते लॅपटॉपच्या पाठीवर ठेवत. तीन दिवस ते पाटीवर लिहून बोलले.

चौथ्या दिवशी दुपारी मी मोजले. नऊचे दोन सेकंद झाले होते. नोंद करायची तर हेही लिहिले पाहिजे की बाकी कशातही फरक पडला नाही. इंटरनेटची पाने तेवढ्याच वेळात उघडत होती, मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम तसाच होता. सगळी यंत्रणा नव्याने बांधली होती आणि माणसाला जाणवेल असा फायदा एकाच प्रोग्रामला झाला होता. पण तो एक प्रोग्राम मिस्त्रींचा आवाज होता.

ते त्याच संध्याकाळी टपरीवर गेले. एक शेतकरी, त्यांचा जुना ओळखीचा, म्हणाला, "मिस्त्री, तुमी बोलून राह्यले का बातम्या देऊन राह्यले?"

दोन सेकंदांनी आवाज आला, "बातमी अशी आहे का तुह्या डोक्यावरची टोपी उलटी आहे."

लोक हसले. शेतकऱ्याने टोपी काढून पाहिली. मिस्त्री त्या दिवशी दीड तास बसले.

नंतर देखभाल सुरू झाली. अशी यंत्रणा एकदा बांधून सोडून देता येत नाही. दर आठवड्याला काही प्रोग्राम बदलतात आणि बदललेले पुन्हा बांधावे लागतात. मध्ये एखादी सामायिक फाइल बदलली की तिच्यावर उभे असलेले सगळेच पुन्हा बांधावे लागते. दीड महिना दुर्लक्ष केले तर बदल एकमेकांच्या वाटेत येतात. मग यंत्र विचारते की जुनी ओळ ठेवू की नवी घेऊ, आणि उत्तर चुकले तर आवाज बंद. दिग्रसला वीज जाई, बांधणी अर्ध्यावर तुटे. मी दर दुसऱ्या रविवारी यवतमाळहून दारव्ह्यामार्गे दिग्रसची बस धरत होतो. बांधणी चालू असेपर्यंत मिस्त्री मुके. कधी चार तास, कधी पूर्ण दिवस.

दर बांधणीनंतर आवाज शाबूत आहे का हे तपासायला मी एक सोय करून ठेवली होती. काम संपले की यंत्राने आपोआप एक वाक्य बोलावे. वाक्य मी भरलेल्या मजकुरातलेच निवडले, "आज बाजारात कापसाची आवक कमी राहिली, मात्र भाव स्थिर होते." यात गैर काही आहे असे मला वाटले नाही.

एका शुक्रवारी मिस्त्री मी सांगितल्याप्रमाणे बांधणी चालू करून जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मुलगी शिवणाच्या क्लासला. घरात मिस्त्रींच्या पत्नी, भाभी, एकट्या, स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. दुपारचे दोन वाजलेले. बाहेरच्या खोलीत आधी कोणीतरी खाकरले, मग म्हणाले की आज बाजारात कापसाची आवक कमी राहिली. भाभी आतून म्हणाल्या, "हां, तो फिर जल्दी आ गए?" उत्तर आले नाही. त्या हात पुसत बाहेर आल्या. खोली रिकामी होती. खाटेवरची चादर, टेबलावर लॅपटॉप, दाराला आतून कडी.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हे सांगितले. सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "भाऊ, डर का सवाल नहीं," त्या म्हणाल्या. "मैंने जवाब दे दिया ना, वही बुरा लगा." मी ती सोय काढून टाकली.

उन्हाळ्यात एप्रिलच्या शेवटी लॅपटॉप बंद पडला. लांबलेल्या बांधणीत तापून त्याचा बोर्ड जळाला होता. वेगासाठी जे करत होतो त्यानेच यंत्र गेले. मुलीचा निकाह चार दिवसांवर होता. मुलगा पुसदचा.

मिस्त्रींनी मला कळवले नाही. त्यांनी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्याकडून बंद कारखान्यातला जुना लॅपटॉप आणला, जळालेल्या लॅपटॉपची डिस्क काढली आणि नव्यात बसवली. स्क्रू नीट, पट्टी नीट. चालू केल्यावर पडद्यावर चार ओळी आल्या आणि पाचव्या ओळीवर सगळे थांबले. निकाहाच्या निमंत्रणावरून दोन दिवस आधी मी पोचलो तेव्हा हे कळले. पाचव्या ओळीचा अर्थ एवढाच होता, की या चिपला दिलेली आज्ञा तिला माहीत नाही. प्रत्येक प्रोग्राम आम्ही जळालेल्या चिपसाठी बांधला होता. हा लॅपटॉप त्याहून जुना होता. पहिल्याला येत होते ते याला येत नव्हते.

मी म्हणालो, "मिस्त्री, तुमी आयुष्यभर एका मशीनचं पातं दुसऱ्या मशीनले लावलं नाही. मंग हे काहून केलं?"

त्यांनी बराच वेळ पाटीवर लिहिले. "पातं पुर्जा असते. कापूस माल असते, तो कोणत्याई जिनिंगमधी चालते. आवाज मले माल वाटला. पुर्जा नाही वाटला."

आवाजाची फाइल डिस्कवर सुरक्षित होती. प्रश्न होता तिला बोलते करण्याचा. त्या घरात निकाहाआधी मुलीची इजाजत, म्हणजे संमती, बापाने स्वतः विचारायची असे ठरले होते. सोबत दोन साक्षीदार, चाचा आणि मामू. चाचांनी विचारले तरी चालणार होते, आणि चाचा तसे म्हणालेही, "भाई, मैं पूछ लेता. तुम सिर हिला देना." मिस्त्रींनी मान हलवली, पण नकाराची.

मी उपाय पाटीवर लिहून त्यांच्यासमोर ठेवले. या लॅपटॉपवर सगळे सोर्सपासून बांधायला पाच दिवस लागले असते, आणि ज्या आज्ञांमुळे वेग आला होता त्या या चिपला येतच नसल्याने हाती जवळजवळ काही लागले नसते. तयार आवृत्ती पाऊण तासात बसली असती. आवाज आला असता, पण उशिरा. तिसरा उपाय सोपा होता. तेवढे एक वाक्य आधीच बोलवून ठेवायचे आणि त्या वेळी फक्त वाजवायचे. उशीर शून्य.

मिस्त्रींनी तिसऱ्यावर काट मारली आणि खाली लिहिले, "आधी भरून ठेवलेलं मी मेलो तरी वाजते. तिथे बसून विचारीन."

मी तयार आवृत्ती टाकली आणि मोजले. अकरा सेकंद.

निकाह रविवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर होता. पुढच्या मंडपात काझी आणि पुरुष मंडळी. आतल्या खोलीत मुलगी आणि बायका, दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे खुर्चीवर मिस्त्री, मांडीवर लॅपटॉप, दोन्ही बाजूंना चाचा आणि मामू. लॅपटॉपची बॅटरी निकामी होती, म्हणून मी मागे भिंतीशी विजेचा बोर्ड धरून उभा होतो.

मिस्त्रींनी हिंदीत टाइप केले. मला लॅपटॉपचा पडदा दिसत होता. बेटा, इस निकाह की तुम्हारी इजाजत है? त्यांनी कळ दाबली.

 साधारण दोन सेकंद गेले असतील. पडद्यामागून मुलीचा आवाज आला, स्पष्ट, "जी अब्बा. इजाजत है."

 लॅपटॉपचा पंखा फिरत होता. मग यंत्र खाकरले आणि बाजारभाव सांगावा तशा सपाट सुरात त्याने विचारले, बेटा, इस निकाह की तुम्हारी इजाजत है?

चाचा म्हणाले, "ये क्या हुआ? जवाब पैले आ गया."

निरोप मंडपात गेला. काझी म्हातारे आणि शांत होते. ते रागावले नाहीत. "पैले पूछो, फिर जवाब लो," ते म्हणाले. "लड़की को बोलो सबर करे. उसकी खुशी हमको समझी." मंडपात थोडे हसू झाले.

चाचांनी पडद्याशी जाऊन सांगितले, "बेटा, सवाल होने दे. फिर बोल."

"हुआ ना सवाल," मुलगी म्हणाली. "अब्बा ने पूछा, तो मैंने बोली."

"मशीन तो बाद में बोली."

"मशीन का नहीं बोल रही. पैले अब्बा ने पूछा. मैंने सुना."

आत तिच्या जवळ बसलेल्या कोणीतरी विचारले, "कैसे सुना? हमने तो नहीं सुना."

"जैसे पूछते थे वैसे पूछा," ती म्हणाली.

मी तेथे होतो. पडद्यापासून माझे अंतर सहा फूट असेल. मी काही ऐकले नाही. लॅपटॉप प्रत्येक वाक्याची वेळ लिहून ठेवतो, ती मी नंतर पाहिली. कळ दाबणे आणि आवाज सुरू होणे यांत अकरा सेकंद होते, आणि त्यामध्ये यंत्राने कोणताही आवाज पाठवलेला नव्हता. तिला दोन सेकंदांची सवय लागली होती, वर्षभर ती त्याच तालात बापाशी बोलत होती, आणि सवयीने तिने त्या जागी उत्तर दिले, असा अर्थ मी लावला. तो अजूनही मला पटतो.  मामू मात्र मिस्त्रींच्या गळ्याकडे, त्या पांढऱ्या कपड्याकडे पाहत होते, आणि मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

मिस्त्रींनी पुन्हा कळ दाबली. या वेळी सगळे थांबले. अकरा सेकंद पूर्ण झाले, प्रश्न आला, आणि त्यानंतर मुलगी म्हणाली, "इजाजत है." आवाज पहिल्यापेक्षा हळू होता. साक्षीदारांनी माना हलवल्या. मिस्त्रींचे दोन्ही हात कीबोर्डवर तसेच होते. लिहिण्यासारखे काही राहिले नव्हते, तरी ते काढले नाहीत.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. सोबत बऱ्यापैकी नवा लॅपटॉप होता, आमच्या कार्यालयातून बाद झालेला. या वेळी मी नीट विचार केला होता. सगळी यंत्रणा घरी बांधण्याचा हट्ट चुकीचा होता. बाकी सगळे तयार घ्यायचे, आणि फक्त आवाजाचा एक प्रोग्राम या चिपसाठी सोर्सपासून बांधायचा. बांधणी वीस मिनिटांची, देखभाल वर्षातून एखाददा, उशीर दोन सेकंदांहून कमी. हे मला वर्षभर आधी सुचायला हवे होते. मी तसे मिस्त्रींना सांगितले.

त्यांनी पाटीवर "थांबा" लिहिले. फोन वाजत होता. पुसदहून मुलगी होती. भाभींनी फोन स्पीकरवर करून जुन्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मिस्त्रींनी टाइप केले, कळ दाबली. मी घड्याळ पाहत होतो. तिसऱ्या सेकंदाला मुलगी म्हणाली, "हां अब्बा, खा ली. भाजी में तेल जादा था." मग ती थांबली, आणि अकराव्या सेकंदाला यंत्राने विचारले, "जेवली काय बेटा?"

हे कोणीही ओळखेल. दुपारी बाप दुसरे काय विचारणार. मी तसे म्हणणार होतो, पण मिस्त्रींनी बोट वर करून मला थांबवले आणि पुन्हा टाइप केले. कळ दाबली. तिकडून काही क्षण फक्त रस्त्याचा आवाज येत होता.

"नहीं, मोड़ के पास वाला," मुलगी म्हणाली. "उसमें जाली अच्छी है. दूसरेवाले का दरवाजा तो बंदच नहीं होता."

यंत्र खाकरले. "कूलर घेतला काय, टाकीजवळच्या दुकानातला?"

मी मिस्त्रींना विचारले की कूलरबद्दल त्यांचे आधी काही बोलणे झाले होते का. त्यांनी लिहिले, "नाही. मले आताच सुचलं." मग खाली आणखी एक ओळ लिहिली, "यंत्र बोलते तवा पोरगी पेपरवालं ऐकते. त्याच्या आधी माह्यं ऐकते."

फोनवर मुलगी पुढे बोलत होती, सासूच्या गुडघ्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल. मिस्त्री ऐकत होते. नवा लॅपटॉप त्यांनी उघडूनही पाहिला नाही. तो परत पिशवीत घातला, चेन लावली आणि पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली.